शंभर दिवसांचा हात

आमच्या स्टुडिओत कौतुकावर कोणाचा विश्वास नाही. तोंडावर "वा, छान झालंय" म्हणणारा माणूस एकतर घाईत असतो, नाहीतर त्याचं तुमच्याकडे काहीतरी काम असतं, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. म्हातारा म्हणजे स्टुडिओचा मालक. समोर आम्ही त्याला सर म्हणतो. वर्षातून एकदा तो एक मांडणी भरवतो, तिला सगळे गप्प टेबल म्हणतात. वर्षभरात केलेल्या कामांतली, स्वतःला सगळ्यात चांगली वाटलेली एकच वस्तू ज्याने त्याने टेबलावर आणून ठेवायची. नाव नाही, चिठ्ठी नाही. करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी ती वस्तू वापरायची, उघडायची, पाडून बघायची. शेवटी जी बघून पोटात दुखलं, ही मला का नाही सुचली म्हणून जीव जळला, तिच्यापुढे आपला चहाचा कप ठेवायचा आणि निघून जायचं. स्तुती खोटी असू शकते, पोटदुखी खोटी नसते, हे म्हाताऱ्याचं लाडकं वाक्य.

अकरा वर्षांत माझ्या वस्तूंपुढे मिळून चार कप आले. त्यातला एक सफाईच्या बाईंनी चुकून ठेवलेला होता. मी बॅगांची हँडलं केली, पाण्याच्या फिल्टरची तोटी केली, दवाखान्यातल्या बाकाच्या पाठी केल्या. लोक त्या वापरतात, तक्रार करत नाहीत, आणि कोणाच्या पोटात दुखत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याच्या किटलीला एका वर्षी नऊ कप मिळाले होते. तेव्हापासून त्याचं नाव किटलीवाला, आणि सहा वर्षं झाली तरी तो गृहस्थ पाणी पितानासुद्धा त्या किटलीचा विषय काढतो. मी त्याला हसायचे. आत जळायचे, हेही सांगून टाकते.

मग मी दादाचा हात करायला घेतला.

दादा माझा थोरला भाऊ. छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. नऊ वर्षांपूर्वी मशीनने त्याच्या डाव्या हाताची बोटं धरली आणि मागोमाग त्याला ओढलं. कोणीतरी बटण बंद केलं म्हणून मनगटावर निभावलं. त्यानंतर त्याने डावा हात खिशात घातला तो घातलाच. त्याच्या सगळ्या पँटींचे डावे खिसे आधी फाटतात आणि वहिनी ते शिवत बसते. स्वतः तो त्यावर विनोद करायचा. घरात कोणाचं वाजलं की म्हणायचा, "एका हाताने टाळी वाजत नाही, तेव्हा या भांडणात मी नाही." आम्ही हसायचो. तो हसून झालं की खिसा चाचपायचा.

चौदा महिने मी त्या हातावर घालवले. त्याच्या उजव्या हाताचा साचा घेतला आणि त्याची आरशातली प्रत केली. नखांना दोन रंगछटा दिल्या, कारण कोणाचंच नख एका रंगाचं नसतं. मनगटावरचा एकेक केस सुईने बसवला. तळव्याच्या रेघांत किंचित मळ भरला. खरा दिसणारा हात करणं फार अवघड नाही, बाजारात मिळतात. पण ते इतके सुंदर असतात की माणूस वळून बघतो. मला असा हात हवा होता, ज्याच्याकडे कोणी बघणारच नाही. आपण दुसऱ्यांच्या हातांकडे कुठे बघतो?

आणखी एक गोष्ट त्यात होती आणि तिचा मला जास्तच अभिमान होता. दादाला मशीनने ओढलं होतं, ते मी विसरले नव्हते. म्हणून कोपराच्या खाली घट्ट बसणारी बाही मी अशी केली, की बारा किलोंहून जास्त झटका बसला की ती सुटणार. हात जाईल, माणूस राहील. ताणकाटा लावून मी ते चाळीस वेळा तपासलं. चाळीसही वेळा बाही सुटली.

पहिल्यांदा हात चढवला तेव्हा दादाने तो खिशात घातला. सवयच ती. मी ओरडले, "बाहेर काढ! चौदा महिने काय तुझ्या खिशासाठी मेले का मी?" त्याने हात बाहेर काढून टेबलावर ठेवला, उजव्याच्या शेजारी. बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिला. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली आणि नळ सोडून रडली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. वस्तू झाली, ज्याला हवी होती त्याला मिळाली. पण तेवढ्याने आमच्यासारख्यांचं भागत नाही. भावाला आवडला म्हणजे काय, भाऊच तो. वहिनी रडली, पण वहिनी सिनेमा बघूनही रडते. हे काम खरंच चांगलं आहे की मलाच तसं वाटतंय, हे मला कळायला हवं होतं. म्हणून मी एक परीक्षा ठरवली. दादा छापखाना सोडून एका मोठ्या गोदामात मालाची नोंद ठेवायच्या कामावर लागणार होता. तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "तिथे कोणाला सांगायचं नाही. शंभर दिवस. शंभर दिवसांत एकालाही कळलं नाही, तर हा हात पास."

"आणि कळलं तर?"

"तर मी दुसरा करीन."

"चिंगे, हात दाखवून अवलक्षण कशाला?" तो म्हणाला. चिंगी मला घरातच म्हणतात. "सांगून टाकतो पहिल्याच दिवशी. लोक दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी विसरतील."

पण त्याने माझं ऐकलं. लहानपणापासून तो माझं ऐकत आलाय. नोकरीचा फॉर्म मीच भरला, कारण फॉर्म भरायचा त्याला जन्माचा कंटाळा. 'शारीरिक व्यंग असल्यास नमूद करावे' अशी एक ओळ होती. मी तिथे 'नाही' लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

रोज संध्याकाळी कामावरून सुटला की मी त्याला फोन करायचे. कसा आहेस, जेवलास का, असलं काही नाही. "आज कोणाला कळलं?" एवढंच. तो "नाही" म्हणाला की मी वहीत एक रेघ ओढायचे. अकराव्या दिवशी मुकादमाने त्याच्याशी हस्तांदोलन केलं, उजव्या हाताने, पण डाव्यावर थोपटलंही, आणि त्याला काही जाणवलं नाही. त्या रेघेभोवती मी गोल केला. तिसाव्या दिवशी एका पोरीने त्याच्या डाव्या हातावर गोंदवलेलं काही आहे का म्हणून निरखून बघितलं आणि "नाहीये" म्हणून पुढे गेली. मला इतका आनंद झाला की मी किटलीवाल्याला चहा पाजला. का पाजला, ते त्याला कळलं नाही.

त्या गोदामात दादाची एका माणसाशी गट्टी जमली. तो दादाच्याही नंतर लागलेला, ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. दोघं तिसऱ्या मजल्यावर एकत्र काम करत. तिथे भिंतीत दरवाजाएवढी मोकळी जागा होती. खालून दोराने माल वर यायचा. लंबू तो आत ओढून घ्यायचा, दादा नोंद करायचा. मधल्या सुट्टीत एकाच डब्यातून जेवायचे. लंबू दादाला घरचं सगळं सांगायचा, आईच्या गुडघ्यांपासून लहान मुलीच्या दातांपर्यंत.

सत्तराव्या दिवशी फोनवर मी नेहमीचा प्रश्न विचारला, तर दादा म्हणाला, "नाही कळलं. पण लंबूला सांगू का?"

"का?"

"अगं, बरोबर काम करतो तो. कधी म्हणतो हे टोक धर, कधी म्हणतो ते धर. मी काहीतरी कारण सांगून उजवीकडे वळतो. बरं दिसत नाही. इतकं सांगतो तो मला, आणि मी त्याच्याशी खोटा."

"तीसच दिवस राहिलेत, दादा."

"त्या एकट्यालाच सांगतो ना. तो नाही बोलायचा कुठे."

"एकाला कळलं म्हणजे कळलंच. मग सत्तरावर थांबलं असं लिहू का? सत्तर म्हणजे काय, काठावर पास," मी हसत म्हटलं. हसत म्हटलं की त्याला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तो म्हणाला, "बरं बाई. होऊ दे तुझे शंभर."

फोन संध्याकाळी माझा जायचा. त्र्याऐंशीव्या दिवशी तो सकाळी अकरा वाजता वहिनीचा आला.

"वन्सं, कामावर काहीतरी झालंय. यांचा हात निघाला."

तेव्हा मी काय विचारलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी विचारलं, "फाटला का?"

वहिनी म्हणाली, "तो लंबू गेला हो."

आम्हाला कळलं ते असं. माल आत घेऊन झाला होता, आडवी साखळी लावायची राहिली होती. लंबू दादाला काहीतरी सांगायला वळला. मोकळ्या जागेकडे त्याची पाठ. खोक्यांना बांधायची प्लॅस्टिकची पट्टी पडली होती, तिच्यावर त्याची टाच गेली आणि तो मागे कलला. दादा एका पावलावर उभा होता. लंबूने त्याचा डावा हात धरला. बारा किलोंहून जास्त झटका बसला. बाही सुटली.

हात, तीन मजले खाली, लंबूच्या मुठीत होता. त्याने तो सोडला नव्हता. सोडवायला दोन माणसं लागली, असं मुकादम नंतर म्हणाला. ते त्याने मला का सांगितलं, कोण जाणे. मी काही विचारलं नव्हतं.

चौकशी चार दिवस चालली. साखळी लावणं हे लंबूचं काम होतं, ते त्याने केलं नाही, असं ठरलं. मेलेल्या माणसाच्या माथी मारणं सगळ्यात सोपं, तो कुठे उलटून बोलतोय! दादाने सांगितलं, की त्याच्या उजव्या हातात वही आणि पेन होतं, आणि घाबरलेल्या लंबूने जो हात सापडला तो धरला. मग त्यांनी फॉर्म काढला. व्यंगापुढे 'नाही' लिहिलेलं दाखवून विचारलं, हे अक्षर कोणाचं? दादा म्हणाला, माझं. त्यांनी त्याला काढून टाकलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत जाऊन सांगायला चार पावलं होती. मी उठले नाही. पाचावर धारण बसली होती, दुसरं काय.

पंधरा दिवसांनी हात एका पिशवीतून दादाकडे परत आला. तो म्हणाला, मला नको, घेऊन जा. मी स्टुडिओत नेला, दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या नखाचा टवका उडाला होता. बाकी काही नाही. बाहीला एक सुरकुती नाही. ताणकाटा लावला. अजूनही बरोबर बारा किलोंवर सुटत होती. मी नख दुरुस्त केलं. तुम्ही म्हणाल, कशाला? मोडलेलं दिसलं की दुरुस्त करते, त्याशिवाय मला काही येत नाही.

आणि महिन्याभराने गप्प टेबल भरलं, तेव्हा मी तो हात तिथे ठेवला.

आदल्या आठवड्यात मी स्वतःला बरीच कारणं सांगून बघितली. दादाच्या त्रासाचं काहीतरी सार्थक व्हावं. उद्या हा हात दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडावा. सगळी बनवाबनवी. मला कप मोजायचे होते. अकरा वर्षं मी चांगली आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि आता माहीत करून घ्यायची संधी होती. ती माणसाच्या प्रेतावरून चालत जाऊन घ्यावी लागत होती, म्हणून काही मी सोडली नाही.

नियमाप्रमाणे मी भिंतीला टेकून गप्प उभी राहिले. गप्प बसायचा नियम कोणाला इतका सोयीचा पडला नसेल. लोक टेबलाभोवती फिरत होते. एकीने तो हात उचलला आणि किंचाळून खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. किटलीवाल्याने त्याची बोटं आपल्या बोटांत गुंफून बघितली. बराच वेळ. त्याने बाही आपल्या मुठीवरून चढवली, ओढली, सुटल्यावर "अरे वा" म्हणाला आणि तोंडावर हात ठेवला, कारण बोलायचं नसतं. मग त्याने आपला कप हातापुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. चेहरा पडलेला होता. त्याच्या पोटात खरंच दुखत होतं.

चौदांपैकी अकरा कप आले. म्हाताऱ्याने आजवर कोणापुढे कप ठेवला नव्हता, त्याने ठेवला.

सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "कोणी वापरलाय?"

"हो सर."

"किती दिवस?"

"त्र्याऐंशी."

"तक्रार?"

मी म्हटलं, "एकही नाही."

त्याने मान डोलावली. घरी येऊन मी न्हाणीघरात गेले. मग तोंड धुतलं आणि आरशात बघितलं, तर मी जरा बरी दिसत होते. कामगिरी फत्ते झालेली बाई दिसते तशी.

दुसऱ्या दिवशी दादाकडे गेले. मनाशी ठरवूनच गेले होते. गोदामात जाऊन सांगायचं, की फॉर्म मी भरला, गप्प बसायला मी लावलं. पण आधी दादाला सांगून मग जाईन, म्हटलं. तेवढाच एक दिवस पुढे ढकलता येत होता.

वहिनीने दार उघडलं, "आहेत आत" म्हणाली आणि बाजूला झाली. एरवी ती मला दारातच दहा प्रश्न विचारते. दादा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बटाटे सोलत होता. समोर एक फळी होती, तिच्यातून उलटा वर आलेला खिळा. खिळ्यावर बटाटा बसवायचा आणि उजव्या हाताने सोलायचा. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच ठोकून केलेली ती फळी. या घरात मी शेकडो वेळा जेवले असेन, पण ती मी कधी नीट बघितली नव्हती. सदऱ्याची डावी बाही कोपरापाशी दुमडलेली होती. आज तो काही लपवत नव्हता.

"दादा, मी उद्या गोदामात जाऊन सगळं सांगते," मी म्हटलं. "अक्षर माझं होतं. तू लंबूला सांगणार होतास, मी सांगू दिलं नाही."

"सांग," तो म्हणाला. "न सांग. तो काय परत येतोय?"

"पण चूक माझी आहे. तुझ्या माथ्यावर का?"

"तुझी आहेच," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "पण तुला सगळं माहीत नाही. मी तिथे खोटं बोललो."

त्याने सोललेला बटाटा पाण्यात टाकला, दुसरा खिळ्यावर बसवला, पण सोलायला घेतला नाही.

"लंबूने माझा हात धरला नव्हता. कुठे धरणार? तो मागे पडत होता, हात हवेत. माझ्या हातात वहीबिही काही नव्हतं. वही खोक्यावर ठेवलेली. दोन्ही हात मोकळे होते माझे."

"उजवाही?"

"उजवाही. जरा वळून उजवा दिला असता तर पोचला असता. पण डावा त्याच्या बाजूला होता. मी डावा पुढे केला. मीच केला, चिंगे. धर, म्हणालो त्याला. त्याने धरला. आणि धरल्यावर त्याच्या चेहऱ्यावर, काय सांगू तुला, सुटलो म्हणून हसू आलं होतं. मलाही वाटलं, धरला बाबा. मग हलका झालो."

वहिनी दारात येऊन उभी होती. तिला हे आधीच माहीत होतं असं दिसलं.

"मी रोज विचार करतो, डावा का दिला?" दादा म्हणाला. "घाबरून नव्हे. मुद्दाम तर नव्हेच. मला आठवलंच नाही. नऊ वर्षं एक क्षण विसरलो नव्हतो, झोपेतसुद्धा. पण तुझा तो हात चढवून ऐंशी दिवस फिरलो आणि विसरलो. तू रोज विचारायचीस ना, कोणाला कळलं का? अगं, मलासुद्धा कळलं नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. रडायला हवं होतं. आणि मला रडू येतही होतं, पण त्याच्या आधी, त्याच्याहून वेगाने, दुसरंच काहीतरी छातीत उसळून वर आलं. ज्याने घातला तोच विसरला. अकरा कप काय, म्हाताऱ्याचा कप काय, याच्यापुढे सगळं कचरा. जगात कोणी केलं असेल असं काम? मला आनंद झाला. शपथेवर सांगते, मला आनंद झाला, आणि तो मी आवरायच्या आत माझ्या चेहऱ्यावर आला.

दादा माझ्याकडेच बघत होता. लहानपणापासून त्याला माझा चेहरा वाचता येतो. त्याने सुरी खाली ठेवली, हात फडक्याला पुसला आणि वहिनीला म्हणाला, "हिला दारापर्यंत सोड."